दम लवकर वाढतो, कंडरा मागे राहतात

नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला दुखापत अनेकदा पहिल्या दिवशी न होता तीन-चार आठवड्यांनी, नेमकी अंगात हुरूप आल्यावर होते, कारण शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रोज भराभर चालू लागल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि चढावर लागणारी धाप कमी होते. ताकदही वाढल्यासारखी वाटते. मात्र सुरुवातीची ही वाढ मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकल्यामुळे होते, स्नायू भरल्यामुळे नव्हे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचा रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. हाडांचे तर असे, की वाढत्या भारानुसार नवी घडण करताना जुना भाग आधी काढला जातो आणि तिथे नवा भरला जाईपर्यंत ती जागा थोडी नाजूक राहते. सैन्यात भरती झालेल्या तरुणांच्या नडगीला किंवा पावलाच्या हाडांना सुरुवातीच्या कवायतीत बारीक तडे जातात, ते यामुळेच.

म्हणून पहिले दोन-तीन महिने केवळ दमावर विसंबून व्यायाम वाढवू नये. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा वेगाने दहा-पंधरा मिनिटे चालणे सुरुवातीला पुरेसे आहे; मग आधी वेळ वाढवावा, नंतर वेग, आणि चढ किंवा धावणे सर्वांत शेवटी. टेकडी उतरणे सोपे वाटते, पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. या दुखण्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. स्नायूभर पसरलेली अशी ठणक काही दिवसांत आपोआप ओसरते. मात्र बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखत असेल, तर भार कमी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला. हा आकडा हळूहळू गाठायचा आहे. पहिल्याच सोमवारी नव्हे. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी हवा, ही जुनी अटही तेव्हा वगळण्यात आली. बळासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे किंवा भिंतीला हात टेकून जोर काढणे चालते. बैठका पुढे आहेतच.

हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते, त्यांनी डोस आणि खाण्याच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. छातीत दाब जाणवला किंवा भोवळ आली तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

सवय 21 दिवसांत लागते, हा समज फार पसरलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात मात्र त्यासाठी 18 ते 254 दिवस लागल्याचे दिसले आणि मध्यांक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले तो आकडा, 66 होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, असेही त्यातून दिसले. तेव्हा बुडलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नये, कारण तो जादा भार कंडरांवरच पडतो.