पोटातल्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय: येण्याआधी वाचा

‘बाळाच्या डोक्यात पाणी जास्त दिसतंय, एमआरआय करून घ्या’, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून आधी त्या पाण्याबद्दल. मेंदूत पाण्याच्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात. सोनोग्राफीत त्यांची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असली तर ठीक. १५ च्या वर गेली तर ती बरीच वाढलेली. १० ते १२ च्या दरम्यान असेल आणि दुसरा काही दोष नसेल, तर बहुतेक बाळं पुढे चांगली वाढतात.

हा ‘दुसरा दोष’ शोधायलाच एमआरआय. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा पूर्ण आहे का, लहान मेंदू नीट आहे का, मेंदूवरच्या घड्या वयाप्रमाणे पडताहेत का, कुठे रक्तस्राव झालाय का. सोनोग्राफीत शंका आलेल्या बाळांचा ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बाळांत बरोबर ठरलं, एमआरआयचं ९३ टक्के. तरी सोनोग्राफी सोडून थेट एमआरआय मागू नका. नेमकं काय शोधायचं हे तीच सांगते.

तपासणी साधारण २० आठवड्यांनंतर होते. घड्यांबद्दल शंका असेल तर तिसाव्या आठवड्यानंतर पुन्हा बोलावतात. पण ‘पितृपक्ष होऊन जाऊ दे’ म्हणत चिठ्ठी घरी ठेवू नका. २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, आणि विचार करायला तुम्हालाही वेळ हवा.

यात क्ष-किरण नाहीत. शिरेतून औषध देत नाही, भूलही नाही. डाव्या कुशीवर साधारण अर्धा-पाऊण तास झोपायचं. मशीन ठकठक आवाज करतं, कानाला संरक्षण देतो. बाळाने लाथ मारली की फोटो हलतो, मग तो परत काढायचा. त्याला ‘गप्प राहा’ कोण सांगणार!

मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना घरीच काढून या. परकराच्या नाडीजवळची सेफ्टी पिन हमखास विसरते. जरीची साडी नको. साध्या काचेच्या बांगड्या राहू द्या, चुंबकाचं काचेशी वाकडं नाही. पोटात किंवा शरीरात कुठे क्लिप, पेसमेकर असेल तर फोनवरच सांगा.

मुलगा की मुलगी हे सांगणं कायद्याने गुन्हा आहे. सासूबाईंनी आडून विचारलं तरी उत्तर मिळणार नाही.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आजवरच्या सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणा, पहिल्या महिन्यांतलाही. बाळाचं वय त्यावरूनच पक्कं करतो. चाकण किंवा सिंहगड रस्त्याकडून येणाऱ्यांनी ट्रॅफिकचा अर्धा तास जास्तीचा धरावा.