कागद कोणत्या देशात जाणार, ते आधी सांगा
(फ्रेंच भाषांतर आणि फ्रेंच क्लाससाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी. फोन आला की समोरून बहुतेक वेळा एवढंच येतं, "फ्रेंच करून पाहिजे, पानाला किती घेता?" आणि आम्ही रेट सांगायच्या आधी उलट विचारतो की कागद जाणार कुठे. काहींना वाटतं हे लोक उगाच चौकशा करतायत. तसं नाहीये हो. फ्रान्सला जाणारा जन्मदाखला, माँट्रियलच्या दुकानात ठेवायच्या लोणच्याच्या बाटलीचं लेबल आणि आबिजानला (आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं शहर) जाणाऱ्या औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, तिन्ही फ्रेंचमध्येच, पण तिघांचे नियम वेगळे, शब्द वेगळे, शिक्के वेगळे. म्हणून हे पत्रक काढलंय. निवांत वाचा, काही ठिकाणी तर आमच्याकडे यायचीच गरज नाही असंही तुमच्या लक्षात येईल.

आधी पसारा केवढा ते बघू. फ्रेंचवाल्या देशांची फ्रँकोफोनी नावाची एक जागतिक संघटना आहे, तिची सुरुवात २० मार्च १९७० ला झाली, तीही पॅरिसला नाही तर आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या निआमे शहरात, म्हणून २० मार्चला फ्रँकोफोनी दिवस असतो. त्यांच्या २०२२ च्या अहवालात जगभरात फ्रेंच येणारे ३२ कोटी १० लाख लोक धरलेत. आता खुद्द फ्रान्सची लोकसंख्या सात कोटीच्या आतच, म्हणजे बाकीचे सगळे बाहेरचे, आणि त्यातले सगळ्यात जास्त आफ्रिकेत. काँगोची राजधानी किन्शासा लोकसंख्येने पॅरिसच्या पुढे गेलीय. बाजारात तिथे लिंगाला नावाची भाषा बोलतात पण शाळा, कोर्ट, सरकारी फॉर्म सगळं फ्रेंचमध्ये. आणि हो, फॉर्मवर नुसतं "काँगो" लिहून आणू नका, काँगो दोन आहेत, एकाची राजधानी किन्शासा आणि नदीच्या बरोबर समोरच्या काठावर दुसऱ्याची राजधानी ब्राझाव्हिल, दोन्हीकडे फ्रेंच, पण देश वेगळे, वकिलाती वेगळ्या.

आफ्रिकेतलं एकंदर असंच आहे, घरात एक भाषा आणि ऑफिसात फ्रेंच. सेनेगलमध्ये घरी-दारी वोलोफ चालते. आबिजानला मात्र फ्रेंच रस्त्यावरच उतरलीय, पोरांनी तिचं आपलं वेगळंच रूप करून टाकलंय, त्याला नुशी म्हणतात, पॅरिसच्या माणसाला ते अर्धं कळणार नाही. अल्जीरियात फ्रेंच भरपूर चालते पण तो देश फ्रँकोफोनीचा सदस्य नाही. उलटी गंमत रवांडाची, त्यांनी २००८ मध्ये शिक्षणाची भाषा इंग्रजी करायचं ठरवलं आणि २०१९ पासून फ्रँकोफोनीच्या प्रमुख कोण, तर रवांडाच्याच लुईझ मुशिकिवाबो. राजकारण म्हणायचं आणि सोडून द्यायचं. माली, बुर्किना फासो आणि नायजर या तिघांनी मार्च २०२५ मध्ये संघटनेतून अंग काढून घेतलं (हो, जिथे सुरू झाली तोच नायजर), आणि फ्रेंचला राजभाषेवरून नुसत्या कामकाजाच्या भाषेवर आणलं. तिकडे माल पाठवणारे एक-दोन ग्राहक घाबरून विचारत होते की आता काय करायचं, तर कामकाजाची भाषा म्हणजे तुमचं बिल आणि सर्टिफिकेट फ्रेंचमध्ये चालतंय, लगेच काही उलटंपालटं करू नका.

औषधवाल्यांना एक खास सांगायचंय. फ्रेंचमध्ये दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. आपलं २.५ मिलिग्रॅम तिकडे २,५ मिलिग्रॅम होतं. हे कॉम्प्युटरवर सगळीकडे एकदम बदलून टाकलं की बॅच नंबरमधली टिंबंसुद्धा बदलतात, म्हणून आम्ही आकडे हातानेच तपासतो आणि त्याला वेळ लागतो. तीच कथा बँक स्टेटमेंटची. आपण १,५०,००० लिहितो, तिकडच्या माणसाला हजाराला गॅप द्यायची सवय, १५० ००० अशी, त्यामुळे आपले लाखाचे स्वल्पविराम तसेच ठेवले तर तो गोंधळतो की ही रक्कम दीड की दीडशे की काय. स्टुडंट व्हिसाच्या फाइलमध्ये असा गोंधळ परवडत नाही.

आता कॅनडा, कारण अर्धी गर्दी त्याचीच. कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही केंद्राच्या राजभाषा झाल्या, पण प्रांतांचं तसं नाही. क्वेबेकची राजभाषा फक्त फ्रेंच, १९७७ च्या कायद्याने तर दुकानाच्या पाट्यांपर्यंत फ्रेंच आलं. दोन्ही भाषा राजभाषा असलेला प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. टोरांटोला जाणाऱ्या मुलाला रोजच्या व्यवहारात फ्रेंचचं फारसं काम पडणार नाही, मग तो फ्रेंच का शिकतोय? पीआरच्या, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्याच्या, पॉइंटसाठी. एक्सप्रेस एंट्रीत (पीआरसाठी पॉइंटवर माणसं निवडायची कॅनडाची पद्धत) फ्रेंच चारही भागांत, म्हणजे ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, कॅनडाच्या मापाने सात लेव्हलला आणलं आणि इंग्रजीही बरं असलं तर ५० पॉइंट जास्तीचे मिळतात, शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे अर्जाला बोलावण्याच्या फेऱ्या, निघतायत. फक्त लक्षात ठेवा, त्यासाठी डेल्फ (फ्रान्स सरकारची फ्रेंचची परीक्षा) चालत नाही, टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच परीक्षा लागते, आणि तिचा रिझल्ट दोनच वर्षं धरतात. डेल्फचं सर्टिफिकेट मात्र आयुष्यभराचं. दर वर्षी कोणीतरी डेल्फ बी-टू (ए-वन ते सी-टू या युरोपातल्या सहा लेव्हलपैकी चौथी) हातात घेऊन येतं आणि म्हणतं आता पीआरला लावू, तेव्हा आम्हालाच वाईट वाटतं. तर क्लासला नाव घालताना कॅनडा की फ्रान्स ते सांगा, पहिले सहा महिने अभ्यास तोच असतो पण पुढे वाट वेगळी होते. फ्रान्सच्या नागरिकत्वासाठीही १ जानेवारी २०२६ पासून लेव्हल वाढून बी-टू झालीय, जुने व्हिडिओ बघून बी-वन धरून बसू नका.

क्वेबेकला अर्ज करणाऱ्यांसाठी आमचं नुकसान करणारी माहिती: इंग्रजी कागद ते इंग्रजीतच घेतात. म्हणजे इंग्रजी मार्कशीटचं फ्रेंच भाषांतर करायची गरज नाही. नुसत्या मराठीत असलेला जुना जन्मदाखला किंवा विवाह नोंदणीचा कागद असेल तर तेवढाच करून घ्या.

मसाले, लोणची, आंब्याचा पल्प पाठवणारे इकडे लक्ष द्या. कॅनडात पाकिटबंद मालावर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतं, माल व्हँकुव्हरला जाणार असला तरीसुद्धा, आणि क्वेबेकमध्ये फ्रेंच इंग्रजीपेक्षा बारीक अक्षरात टाकून भागत नाही. फ्रान्सला १९९४ च्या कायद्याने फ्रेंच लागतंच. आता तुम्ही म्हणाल एकदाच लेबल करा आणि दोन्हीकडे वापरू. नाही जमत. "या तारखेपूर्वी वापरावे" ही एक ओळच बघा, कॅनडाच्या बाटलीवर "मेय्योर आव्हाँ" लागतं आणि फ्रान्सच्या बाटलीवर "आ काँसोमे द प्रेफेराँस आव्हाँ", हे लांबलचक, छोट्या पाकिटावर मावता मावत नाही. डिझाइनवाल्याला जागा आधीच सोडायला सांगा, नाहीतर छपाई झाल्यावर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

युरोपात फ्रान्सखेरीज बेल्जियम, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग, मोनॅको. इथे सगळ्यात जास्त फसगत बेल्जियमची होते. बेल्जियम म्हटलं की लोक फ्रेंच धरून चालतात, पण अँटवर्प, जिथे आपल्याकडचे हिऱ्याचे व्यापारी आहेत, तिथलं सरकारी काम डचमध्ये चालतं, गेंट आणि लूव्हेनलासुद्धा डच. फ्रेंच चालते ती लिएज, नामूर या दक्षिणेकडच्या भागात, आणि ब्रसेल्सला दोन्ही. अँटवर्पच्या नगरपालिकेसाठी फ्रेंच करून नेलं तर पैसे पाण्यात. स्वित्झर्लंडचंही तसंच, जिनिव्हा, लोझान फ्रेंच आणि झ्युरिक, बाझेल जर्मन. लक्झेंबर्गमध्ये कायदे फ्रेंचमध्ये लिहितात.

फ्रान्सच्या कामात शिक्क्याचा क्रम महत्त्वाचा. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या (कागद खरा आहे असं सांगणारा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का) करारात आहे त्यामुळे फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड यांना अपोस्टील चालतं, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आत आलाय. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना अजून वकिलातीचाच शिक्का लागतो. आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, आणि मग भाषांतर, कारण त्या शिक्क्याचंही भाषांतर करावं लागतं. आधी भाषांतर करून घेतलंत तर पुन्हा यावं लागेल, दुसऱ्यांदा पैसे द्यायला कोणालाच आवडत नाही. आणि फ्रान्समध्ये काही ऑफिसं तिथल्या कोर्टाच्या यादीतल्याच भाषांतरकाराचं काम मागतात, तसं पत्रात लिहिलेलं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो की हे आमच्याकडून करून उपयोग नाही, तिकडूनच करा.

व्हिसाच्या फाइलला वडिलांच्या नावावरची जमीन दाखवायला सातबारा जोडतात, त्याचं थोडं सांगतो. क्षेत्रफळाचा हेक्टर-आर रकाना सगळ्यात सोपा, ती मापं मुळात फ्रेंचांचीच, तशीच उचलून ठेवता येतात. डोकं खातो तो भोगवटादार वर्ग १ आणि इतर हक्कातला बोजा. सोसायटीचं कर्ज फेडलेलं असेल तर आधी तलाठ्याकडून बोजा कमी करून नवीन उतारा काढा, आम्ही कागदावर दिसतं तेच लिहिणार.

मॉरिशसचा एक परिच्छेद वेगळा, कारण तिथे आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यावर गेलेल्यांची पोरं-नातवंडं आजही तिथे मराठी म्हणून ओळखली जातात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून ब्रिटिशांनी घेतलं पण फ्रेंच काही गेली नाही, घरात क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, कोर्टाचं काम इंग्रजीत, आणि त्या इंग्रजी कोर्टात लागू होणारा दिवाणी कायदा परत फ्रेंच. तिकडच्या नातेवाइकांचा वारसाहक्काचा किंवा लग्नाचा कागद आला तर दोन्ही भाषांचं मिश्रण बघून घाबरू नका, पूर्ण फाइल पाठवा, नुसतं फ्रेंच पान नको.

बाकी थोडक्यात. रियुनियन, ग्वाडलूप, मार्टिनिक, फ्रेंच गयाना हे नकाशावर कुठेही असले तरी फ्रान्सच, तिथे फ्रान्सचेच नियम. (फ्रेंच गयानातलं कुरू म्हणजे जिथून इस्रोचा ॲपल उपग्रह १९८१ मध्ये उडाला ते.) हैतीत क्रिओल आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया फ्रँकोफोनीत आहेत पण तिथल्या कामाला फ्रेंच भाषांतर करू नका, कोणी वाचणार नाही. पुदुच्चेरीचा कारभार १९५४ मध्ये भारताकडे आला, कायद्याने हस्तांतर १९६२ ला झालं, त्याआधीचे तिथले जुने जन्म-लग्नाचे दाखले फ्रेंचमध्ये आहेत, ते आम्ही फ्रेंचमधून मराठी-इंग्रजीत करून देतो. हस्ताक्षर वाचायला वेळ लागतो, घाई करू नका.

काम देताना व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: कागदाचा सरळ काढलेला स्कॅन (दोन्ही बाजू, मागचा शिक्कासुद्धा), पासपोर्टचं पहिलं पान म्हणजे नावाचं स्पेलिंग तेच ठेवता येईल, देश आणि शहर, आणि समोरच्या ऑफिसने जे पत्र किंवा मेल पाठवलं असेल ते. वडिलांचं नाव मध्ये येतं ते फ्रेंच फॉर्मवर कुठे बसवायचं ते आम्ही कच्च्या प्रतीत दाखवतो, ती नीट बघून ओके द्या, ओके दिल्यावरच शिक्का मारतो. ॲडव्हान्स निम्मा, बाकी कागद घेताना. रविवारी बंद.