कुलगुरू (महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे)

कुलगुरू हे सार्वजनिक विद्यापीठाचे मुख्य शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. प्रत्यक्ष कारभार, विद्यापरिषद व व्यवस्थापन परिषद यांचे अध्यक्षपद आणि परीक्षांची अंतिम जबाबदारी मात्र कुलगुरूंकडे असते. राज्यातील बहुतेक अकृषी विद्यापीठांना १ मार्च २०१७ पासून ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ लागू आहे. विद्यापीठाने ज्ञाननिर्मिती करावी, महाविद्यालयांचा दर्जा राखावा आणि समाजाच्या सर्व थरांपर्यंत उच्च शिक्षण न्यावे, ही सार्वजनिक विद्यापीठाची ध्येये मानली जातात. ती पार पाडण्याचा भार एका व्यक्तीवर किती टाकायचा आणि ती व्यक्ती निवडायची कोणी, हा या पदाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

उगम : या पदाची मुळे इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत शोधण्याची रीत आहे. ऑक्सफर्डचे कुलपतिपद तेराव्या शतकाच्या आरंभीचे असून १२१४ च्या पोपप्रतिनिधीच्या आदेशात त्याचा उल्लेख येतो. हे पद लिंकनच्या बिशपच्या अखत्यारीत होते. पहिले कुलपती कोण, याबद्दल एकमत नाही. रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी ते काम पाहिले, पण बिशपने त्यांना ‘कुलपती’ म्हणवून घेऊ दिले नाही, ‘शाळाप्रमुख’ एवढेच म्हणवून घेण्याची मुभा दिली, अशी हकीकत त्याच शतकाच्या अखेरीस नोंदली गेली. हे पद विद्वानांनी निवडलेले की चर्चने नेमलेले, हा वाद त्या हकीकतीच्या मुळाशी आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलपती बाहेर राहणारे बडे धर्माधिकारी व सरदार होऊ लागले, तसा रोजचा कारभार त्यांच्या प्रतिनिधीकडे गेला. सोळाव्या शतकात लिस्टरच्या अर्लने कुलपती म्हणून हा प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क घेतला. पुढे हे पद कॉलेजांच्या प्रमुखांमध्ये फिरते राहिले.

भारतातील विद्यापीठे मात्र ऑक्सफर्डच्या धर्तीवर उभी राहिली नाहीत. १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला. १८३६ ची सनद मिळालेली ती संस्था स्वतः शिकवत नसे, परीक्षा घेऊन पदव्या देई. त्यानुसार १८५७ साली कलकत्ता (२४ जानेवारी), मुंबई (१८ जुलै) आणि मद्रास (५ सप्टेंबर) या विद्यापीठांचे कायदे झाले. मुंबईच्या कायद्याने गव्हर्नरला पदसिद्ध कुलपती केले आणि फेलोंपैकी (विद्यापीठाच्या सिनेटच्या, म्हणजे अधिसभेच्या, सदस्यांपैकी) एकाला दोन वर्षांसाठी कुलगुरू नेमण्याचा अधिकार सपरिषद गव्हर्नरकडे दिला. पहिले कुलपती लॉर्ड एल्फिन्स्टन आणि पहिले कुलगुरू मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर विल्यम यार्डली. पहिल्या फेलोंमध्ये जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांचा समावेश होता.

न्यायाधीशच का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक मत असे, की विद्यापीठ ही कायद्याने घडलेली महामंडळासारखी संस्था होती, त्यामुळे तिच्या सभांचे नियमन करायला कायदेपंडित हवा होता. दुसऱ्या मताप्रमाणे याचे मूळ मुंबईतच आहे. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपद १८४३ ते १८५२ या काळात न्यायाधीश (पुढे मुख्य न्यायाधीश) सर अर्स्किन पेरी यांच्याकडे होते. शिक्षणाच्या सर्वोच्च मंडळावर न्यायालयातील माणूस बसवण्याची वहिवाट विद्यापीठाच्या आधीच रुळलेली होती. कायद्यातील कलमे लंडनकडून आली हे खरेच, पण पद प्रत्यक्ष कसे चालले हे समजण्यास दुसरे मत अधिक उपयोगी पडते. पेरी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण इंग्रजीतून की देशी भाषांतून, यावर मंडळात तीव्र मतभेद झाले आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. विद्यापीठाने हा वाद वारशाने घेतला. एकोणिसाव्या शतकातील कुलगुरूंमध्ये न्यायाधीश व वकील यांचेच प्राबल्य राहिले. मिशनरी विद्वान जॉन विल्सन आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य राहिलेले सर अलेक्झांडर ग्रँट हे ठळक अपवाद होत.

प्राचीन काळातील दाखलेही अनेकदा दिले जातात. कण्व ऋषींचा आश्रम, नालंदेचे आचार्य शीलभद्र आणि तेथे त्यांच्याजवळ शिकलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग यांचा उल्लेख गौरवाने होतो, आणि ज्ञानपरंपरेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण आजच्या पदाचे कायदेशीर स्वरूप, मुदत, नेमणूक व परिषदा यांचा त्या संस्थांशी अखंड संबंध दाखवता येत नाही.

परीक्षा मंडळापासून विद्यापीठाकडे : पहिली जवळजवळ सत्तर वर्षे मुंबईच्या कुलगुरूंचे काम सिनेटचे अध्यक्षपद भूषवणे आणि परीक्षांची व्यवस्था पाहणे एवढ्याभोवती फिरत होते. पद मानद होते. तरीही ध्येयाचे प्रश्न याच सिनेटमध्ये लढवले गेले. १८६२ साली पहिल्यांदा बी. ए. झालेल्या चौघांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक होते. त्याच दशकात उच्च परीक्षांतून देशी भाषा बाजूला सारून संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना स्थान देण्याचे धोरण आले. मराठी पुन्हा विद्यापीठात यावी यासाठी रानडे यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे प्रयत्न केले. शतक संपता संपता एम. ए. साठी तिला मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचे आयुष्य सरत आले होते. सार्वजनिक विद्यापीठ ज्या लोकांच्या पैशावर चालते त्यांच्या भाषेशी त्याचे नाते काय, हा प्रश्न मुंबईत तेव्हाच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, याला फार महत्त्व आहे.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबईचे पहिले भारतीय कुलगुरू (१८९२). १८९३ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि भांडारकर त्यांच्या जागी आले. न्यायालयाऐवजी अध्यापन व संशोधनातून आलेला विद्वान मुंबईत या पदावर बसल्याचे हे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचीही मुभा मिळाली. या मुभेचा सर्वांत मोठा उपयोग कलकत्त्यात कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी केला. १९०६ ते १९१४ आणि १९२१ ते १९२३ या त्यांच्या कारकिर्दींत विद्यापीठाचे पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या प्रेरणेने वाढले. १९२३ साली बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारला विरोध न करण्याच्या अटीवर पुनर्नियुक्ती देऊ केली, ती त्यांनी नाकारली. मुंबईत चिमणलाल सेटलवाड यांच्या दीर्घ कारकिर्दीत (१९१७–१९२९) समाजशास्त्र व अर्थशास्त्राची अध्यापनशाखा (१९१९) उभी राहिली आणि नवा कायदा (१९२८) झाला. पूर्णवेळ, वेतनी कुलगुरूची शिफारस कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) केली होती, तरी ती सर्वत्र रुजायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

याच काळात सरकारी चौकटीबाहेरचा एक प्रयोग पुण्यात झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून होते आणि पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. भांडारकर हे त्याचे पहिले कुलपती. ठाकरसी कुटुंबाच्या देणगीने संस्थेचा पाया भक्कम झाला आणि १९५१ साली तिला वैधानिक दर्जा मिळाला. ध्येय आधी आणि कायदा नंतर, असा क्रम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांपैकी क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल.

संस्थापक कुलगुरू : नागपूर विद्यापीठाचे (१९२३) पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, पुणे विद्यापीठाचे (१९४९) बॅ. मुकुंदराव जयकर, तर मराठवाडा विद्यापीठाचे (१९५८) मुंबई विद्यापीठाचे माजी कुलसचिव एस. आर. डोंगरकेरी. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. इतिहासकार आप्पासाहेब पवार यांनी सुमारे एक तप तेथे कुलगुरुपद सांभाळले. सागरमाळावरील ओसाड जमिनीवर पाणी अडवून व झाडे लावून त्यांनी परिसर उभा केला आणि ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा व शिका’ योजनेला विद्यापीठात जागा दिली. पुण्यात पुढे गणिती र. पु. परांजपे, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार, भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. भिडे हे विद्वान या पदावर येत गेले. राम ताकवले यांनी पुण्यातील कारकिर्दीनंतर १९८९ साली नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरुपद स्वीकारले. नोकरी, शेती वा घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाचे दार उघडणारा तो निर्णय होता. इतर प्रादेशिक विद्यापीठांच्या आरंभीच्या कुलगुरूंविषयी मात्र गौरवग्रंथांपलीकडे लेखन थोडेच आहे.

नेमणूक : राधाकृष्णन आयोग (१९४८–४९) आणि कोठारी आयोग (१९६४–६६) या दोघांनीही कुलगुरू पूर्णवेळ असावेत आणि त्यांची शैक्षणिक योग्यता निर्विवाद असावी, असे म्हटले. कोठारी आयोगाने पाच वर्षांची मुदत सुचवली. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे मुंबईचे कुलगुरू (१९६७–१९७१) असतानाच्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठांच्या कारभाराविषयी समिती नेमली. पुढे १९७४ साली राज्यातील विद्यापीठांसाठी नवे कायदे आले. १९९४ मध्ये सर्वांसाठी एकच कायदा झाला आणि त्याची जागा २०१६ च्या अधिनियमाने घेतली.

२०१६ च्या अधिनियमाच्या मूळ मजकुरात तीन सदस्यांची शोध समिती होती. कुलपतींनी नेमलेले अध्यक्ष, राज्य शासनाचे वरिष्ठ सचिव आणि व्यवस्थापन परिषद व विद्यापरिषद यांनी मिळून सुचवलेले राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख असे हे तिघे. समिती नावांची यादी देते आणि निवड कुलपती करतात. मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक होत नाही. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार उमेदवाराला प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि समितीत आयोगाचा प्रतिनिधी हवा. गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठ (मार्च २०२२) व केरळमधील तंत्रशास्त्र विद्यापीठ (ऑक्टोबर २०२२) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने या विनियमांना राज्य कायद्यांवर वरचढ ठरवले. त्यानंतर महाराष्ट्रानेही समितीत आयोगाचा प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने वेगळ्या दिशेची दुरुस्ती मंजूर केली होती. उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती (कुलपतींच्या खालोखालचे पद) होणार होते आणि समितीच्या यादीतून दोन नावे राज्य शासन कुलपतींकडे पाठवणार होते. विरोधकांनी याला विद्यापीठांच्या स्वायत्ततेवरील घाला म्हटले, तर समर्थकांनी लोकनियुक्त सरकारचा हक्क. राज्यातील सत्ता बदलल्यावर ही दुरुस्ती मागे घेतली गेली. दोन्ही बाजूंनी बोलताना १८५७ च्या कायद्यात नेमणूक सपरिषद गव्हर्नरकडे, म्हणजे सरकारकडेच, होती हे क्वचितच लक्षात घेतले. स्वायत्तता ही या पदाला सुरुवातीपासून मिळालेली नाही. ती भांडारकर, मुखर्जी, जयकर यांच्यासारख्यांनी आपल्या विद्वत्तेच्या व निर्भयतेच्या बळावर त्यात आणली, आणि म्हणूनच तिचे मोल अधिक आहे. जानेवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात उद्योग व प्रशासन क्षेत्रातील अनुभवी व्यक्तींनाही पात्र ठरवण्याचा प्रस्ताव होता. अनेक राज्यांनी व प्राध्यापक संघटनांनी त्याला विरोध केला.

अधिकार व मर्यादा : निकडीच्या प्रसंगी कुलगुरू एखाद्या प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेऊ शकतात, मात्र तो नंतर त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. प्र-कुलगुरू, अधिष्ठाते, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक यांच्यामार्फत काम चालते. मुंबई विद्यापीठाला सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न असल्याने कुलगुरूंचा फार मोठा वेळ संलग्नता व परीक्षा यांत जातो. २०१७ साली संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने आणल्यामुळे मुंबईचे निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

इतर विद्यापीठे : कृषी विद्यापीठांना १९८३ चा आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला १९९८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. या दोन्ही कायद्यांत संबंधित खात्याचे मंत्री प्र-कुलपती असतात. गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ साली झाली. तेथेही राज्यपाल कुलपती असून बी. शेख अली हे पहिले कुलगुरू होत.