डिक्कीतला त्रिकोण आणि रस्त्यावरचा त्रिकोण

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की नागपुरातल्या अनेक घरांत परदेशी जाण्याची तयारी सुरू होते. मुलगा म्युनिकला असतो, मुलगी लंडनला असते. त्यांच्या भेटीला जोडून आठ-दहा दिवस स्वतः गाडी चालवत फिरावे असा बेत ठरतो, आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला जातो आणि भाड्याच्या गाडीचे आरक्षणही होऊन जाते. या गडबडीत ओळखीच्या लोकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो : "तिकडे गाडीत तो लाल त्रिकोण लागतो का?" म्हणजे बंद पडलेल्या गाडीच्या मागे, इतर वाहनांना इशारा म्हणून ठेवायचा तो चमकणारा घडीचा त्रिकोण. वरवर पाहता हा प्रश्न एकच आहे, परंतु त्याच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्रिकोण गाडीत बाळगावा लागतो का, हा पहिला; आणि गाडी बंद पडली असता तो रस्त्यावर मांडावा लागतो का, हा दुसरा. बहुतेकांना पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात कित्येक देशांत ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळण्याच्या त्या जागीच माणसाच्या जिवाला धोका असतो.

बाळगण्याचा नियम हा गाडीच्या सामानाविषयीचा नियम आहे. स्टेपनी, जॅक, नंबरप्लेट यांच्या रांगेत तो बसतो, गाडी धडधाकट चालू असतानाही लागू असतो आणि पोलिसाने गाडी थांबवून डिक्की उघडायला लावली तर तपासता येतो. मांडण्याचा नियम हा चालकाच्या वागण्याविषयीचा आहे. गाडी बंद पडेपर्यंत त्याचा संबंधच येत नाही, आणि आला की तो काही सेकंदांत पाळायचा असतो. यातून आणखी एक फरक निघतो, जो मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. सर्वसाधारणपणे बाळगण्याचा नियम गाडीच्या नंबरप्लेटबरोबर प्रवास करतो, म्हणजे गाडी ज्या देशात नोंदलेली असेल त्या देशाचा असतो. मांडण्याचा नियम मात्र चाकाखालच्या रस्त्याचा असतो. याला अपवाद आहेत, आणि फ्रान्स त्यातला ठळक आहे, कारण बाहेरच्या देशातून आलेल्या गाडीकडूनही तो देश त्रिकोण आणि रेडियमच्या जाकिटाची अपेक्षा ठेवतो.

जर्मनीत दोन्ही नियम आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने जातात, म्हणून समजायला तो देश सर्वांत सोपा. त्रिकोण गाडीत असलाच पाहिजे, आणि १ जुलै २०१४ पासून गाडीत निदान एक जाकीटही असले पाहिजे, मग आत माणसे कितीही असोत. गाडी बंद पडली की आधी चारही इंडिकेटर लावायचे आणि मग त्रिकोण मांडायचा. वाहतूक वेगाची असेल तर सुमारे १०० मीटर मागे, असे तिथला कायदा आकडा देऊन सांगतो. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, यापेक्षाही जास्त अंतर ठेवावे असा तिथल्या जाणकारांचा सल्ला असतो.

आता जपानकडे पाहू. तिथे खासगी गाडीत त्रिकोण बाळगण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती इशाऱ्यासाठी पेटवायच्या लाल ज्योतीच्या नळकांडीची. पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी ती अडकवलेली असते आणि पेटवली की साधारण पाच मिनिटे जळते. परंतु द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडून थांबली, तर मागून येणाऱ्यांना दिसेल असा त्रिकोण किंवा त्याच प्रकारचे मान्य साधन मांडणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पाच मिनिटांची ती नळकांडी त्याची जागा घेत नाही. म्हणजे जे गाडीत असण्याची सक्ती नाही, ते रस्त्यावर मांडण्याची सक्ती आहे. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण नियम दोन आहेत हे एकदा ध्यानात घेतले की त्यात काही विसंगती उरत नाही. दोन्ही नियम पाळता यावेत यासाठी गाडी ताब्यात घेताना त्रिकोण मागून घेणे एवढेच आपल्या हाती असते.

ब्रिटनचे उत्तर याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे त्रिकोण बाळगणे बंधनकारक नाही. जवळ असेल तर तो बंद गाडीच्या मागे, त्याच बाजूला, निदान ४५ मीटरवर ठेवावा असे तिथली अधिकृत नियमपुस्तिका, हायवे कोड, सांगते. आणि लगेच बजावते की मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, तो कधीही मांडू नये. नागपूरहून गेलेल्या माणसाला हे वाक्य पचायला जड जाते. आपली स्वाभाविक समजूत अशी, की रस्ता जितका वेगाचा तितकी मागच्याला इशारा देण्याची गरज मोठी. ती गरज खरीच आहे, परंतु इशारा मांडायला जाणारा माणूस त्या वेळी ११० किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या कडेने पायी चालत असतो, हे त्या समजुतीत धरलेले नसते. म्हणून मोटरवेवर चारही इंडिकेटर लावायचे, डाव्या दारांनी उतरायचे, लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि मदतीला फोन करायचा, असा तिथला क्रम आहे.

हा विचार नीट समजावा म्हणून थोडे गणित करू. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटरहून थोडे अधिक. ३० मीटरवर ठेवलेला त्रिकोण त्या वेगाला एका सेकंदाचीही सूचना देत नाही, ४५ मीटरवरचा जेमतेम सव्वा सेकंद देतो आणि १०० मीटरवरचा तीन सेकंद. शहरातल्या ५० च्या वेगाला मात्र तेच ३० मीटर दोन सेकंदांहून जास्त पुरतात. एका अंतराने सगळीकडे भागत नाही ते यामुळे. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर १०० मीटर चालत जायला सव्वा-दीड मिनिट लागते आणि तितकेच परत यायला; जितकी दूरची सूचना, तितका माणूस अधिक वेळ उघड्यावर. प्रत्येक देशाने या दोन धोक्यांमध्ये आपापली रेघ कुठेतरी ओढली आहे. मला स्वतःला ब्रिटनचा निर्णय जास्त पटतो, परंतु जर्मनीत गाडी चालवताना माझे मत कामाचे नाही, तिथला कायदा कामाचा आहे.

फ्रान्सने ती रेघ फार विचाराने ओढली आहे असे मला वाटते. २००८ च्या ऑक्टोबरपासून तिथे त्रिकोण आणि जाकीट दोन्ही गाडीत असणे सक्तीचे झाले आणि नसल्यास १३५ युरोचा दंड आहे. त्रिकोण निदान ३० मीटरवर मांडायचा. परंतु तो मांडायला जाण्यात चालकाच्या जिवाला उघड धोका असेल तर मांडण्याच्या बंधनातून त्याला सूट आहे, आणि ऑटोरूटवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, तसाच धोका समजून त्रिकोण मांडायला जाऊ नये असे सांगितले जाते. बाळगण्याची सक्ती पूर्ण, मांडण्याची सशर्त : हे दोन नियम वेगळे आहेत याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. तरीही "फ्रान्समध्ये त्रिकोण सक्तीचा आहे" एवढेच अर्धे वाक्य ऐकून गेलेला माणूस दंडाच्या भीतीने ऑटोरूटवर त्रिकोण हातात घेऊन चालू लागेल, ही काळजी मला वाटते.

स्पेनने तर मांडण्यासाठी चालण्याचीच गरज काढून टाकली आहे. तिथे १ जानेवारी २०२६ पासून स्थानिक नोंदणीच्या मोटारींमध्ये त्रिकोणाऐवजी व्ही-१६ नावाचा पिवळा लुकलुकणारा दिवा आला आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यातून तो काढायचा, खिडकीतून हात बाहेर घालून टपावर ठेवायचा, खालच्या चुंबकाने तो चिकटतो, आणि आतल्या सिमकार्डावरून गाडी नेमकी कुठे थांबली आहे हे वाहतूक खात्याच्या यंत्रणेला कळवतो. आता नंबरप्लेटचा मुद्दा पुन्हा आठवावा. बार्सिलोनात भाड्याने घेतलेल्या, स्पेनच्या पाटीच्या गाडीत हा दिवा असायला हवा. परंतु फ्रान्समध्ये घेतलेली, फ्रान्सच्या पाटीची गाडी चालवत आपण स्पेनमध्ये शिरलो, तर त्या गाडीला त्रिकोण चालतो. रस्ता तोच, चालक तोच, सामानाचा नियम निराळा.

जाकिटाच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. जर्मनीत नियमाचा भर ते गाडीत असण्यावर आहे. इटलीत भर अंगावर असण्यावर आहे : वस्तीबाहेरच्या रस्त्यावर रात्री किंवा अंधूक उजेडात बंद गाडीतून उतरून जाकिटाशिवाय वावरण्याला तिथला कायदा मनाई करतो. फ्रान्समध्ये दोन्हीवर आहे, आणि शिवाय ते गाडीच्या आतल्या भागात, बसल्या जागेवरून हाताला येईल असे ठेवावे अशी अपेक्षा आहे. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण डिक्कीत ठेवलेले जाकीट घालण्यासाठी आधी जाकिटाशिवाय उतरून गाडीच्या मागे, म्हणजे नेमके वाहतुकीच्या तोंडासमोर, जावे लागते. जर्मनीत जाकीट नसल्याचा दंड केवळ १५ युरो आहे. फ्रान्सच्या १३५ शी त्याची तुलना करून कोणी धोका लहान-मोठा ठरवू नये.

आपल्याकडे वर्धा रोडवर किंवा अमरावती रोडवर ट्रक बंद पडला की चालक मागे दोन-चार दगड मांडतो आणि जवळच्या झाडाची फांदी तोडून खोचून ठेवतो. इशारा द्यायला हवा ही जाण त्यात पूर्ण आहे. पण रात्री दगड चमकत नाही, आणि ट्रक निघून गेल्यावर तो तिथेच राहून दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो. दुसरीकडे, आपल्या नव्या मोटारींच्या डिक्कीत त्रिकोण असतो आणि तो सहसा तिथून हलत नाही. आमच्या गाडीतला त्रिकोण सात वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता. पहिल्या परदेशवारीच्या आधी एका संध्याकाळी मी तो इमारतीच्या पार्किंगमध्ये उघडून पाहिला. लांबट डबीतून दोन लाल पट्ट्या उलगडल्या, खालचे तारेचे पाय आडवे फिरवले, पण वरच्या टोकाची खिट्टी कशी बसते ते कळेना. जोर लावला तेव्हा ती मोडली. उजेडात, सपाट फरशीवर, कोणतीही घाई नसताना माझी तीन-चार मिनिटे गेली. नंतर नवा त्रिकोण आणला आणि पत्नीसह दोघांनी तो चार-पाच वेळा उघडला-मिटला. मग बाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर पावले मोजली. माझे मोठे पाऊल पाऊण मीटरचे. म्हणजे फ्रान्सच्या ३० मीटरला चाळीस पावले, ब्रिटनच्या ४५ ला साठ, इटलीच्या ५० ला सदुसष्ट आणि जर्मनीच्या १०० ला एकशे तेहतीस. अंधारात मीटर दिसत नाहीत, पावले मोजता येतात.

त्या सरावात ध्यानात आलेली आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि कडेला थांबलेल्या गाडीच्या उजव्या बाजूनेच वाहने जातात, म्हणून बंद गाडीतून डाव्या दाराने उतरणे सुरक्षित. ब्रिटन आणि जपानमध्ये हीच सवय कामी येते. युरोपच्या मुख्य भूमीवर सारे उलटे आहे : चालक डावीकडे, वाहनेही थांबलेल्या गाडीच्या डाव्या बाजूने जाणारी, म्हणून सरकून उजव्या दाराने उतरावे लागते. त्रिकोण मांडायला निघताना तो आधी उघडून, चमकणारी बाजू समोरून येणाऱ्या वाहनांकडे करून छातीसमोर धरावा आणि जिथे कठडा असेल तिथे त्याच्या पलीकडून चालावे.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना किल्लीबरोबर सहसा ओरखड्यांचा तक्ता हाती दिला जातो आणि सगळे लक्ष त्यात जाते. त्याच वेळी डिक्कीची खालची झाकणी उचलून त्रिकोण पाहावा, त्यावर गोलात 'ई' हे मान्यतेचे चिन्ह आहे का ते पाहावे आणि जाकिटे किती आहेत ते मोजावे. चौघे जण असाल आणि जाकीट एकच असेल तर आणखी तीन मागावीत, मिळाली नाहीत तर पहिल्याच पेट्रोल पंपावर विकत घ्यावीत. मग काउंटरवर दोन प्रश्न सुटे करून विचारावेत : या गाडीत काय काय असले पाहिजे, आणि ज्या देशांतून आम्ही जाणार आहोत तिथल्या द्रुतगती मार्गावर गाडी थांबली तर काय मांडायचे आणि काय मांडायचे नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देशागणिक एका ओळीत लिहून घ्यावे आणि तो कागद जाकिटांसोबत चालकाच्या दाराच्या कप्प्यात ठेवावा.