डचमधला थेट प्रश्न आणि वाक्यात गुंफलेला प्रश्न: क्रियापद कुठे ठेवायचं?

‘तू कुठे काम करतोस?’ हे डचमध्ये ‘वार वेर्क य?’ ‘तू कुठे काम करतोस ते मला माहीत नाही’ हे मात्र ‘इक वेत नीत वार य वेर्क्त’. क्रियापद कर्त्याला ओलांडून शेवटी गेलं आणि त्याला ‘त’ लागला. मराठीत दोन्हीकडे ‘तू कुठे काम करतोस’ तसंच राहतं, त्यामुळे आपली माणसं हमखास ‘इक वेत नीत वार वेर्क य’ म्हणतात. ते चूक आहे.

हो-नाहीच्या थेट प्रश्नात क्रियापद सगळ्यात आधी: ‘कॉम्त हेइ मॉर्खन?’ (तो उद्या येतो का?) आपल्या ‘का’सारखा किंवा इंग्रजीतल्या ‘डू’सारखा शब्द इथे लागतच नाही. हाच प्रश्न गुंफायचा तर जोडायला ‘ऑफ’ घ्या: ‘इक वेत नीत ऑफ हेइ मॉर्खन कॉम्त’. इंग्रजी ‘इफ’च्या सवयीने इथे ‘आल्स’ घालू नका. त्याचा अर्थ ‘जर’ किंवा ‘जेव्हा’.

खरी गफलत त्या ‘त’ची होते. वर्तमानकाळात तो गळतो तो फक्त ‘य’ किंवा ‘येइ’ (तू) हा कर्ता क्रियापदाच्या मागोमाग आला तरच. ‘हेइ’ (तो) मागे आला तर गळत नाही, हे वर ‘कॉम्त हेइ’मध्ये दिसतंच. ‘वेर्क्त य ब्रूर?’ (तुझा भाऊ काम करतो का?) यातही ‘त’ टिकतो, कारण इथला ‘य’ म्हणजे ‘तुझा’ आणि कर्ता आहे भाऊ. म्हणून ‘य’ दिसला की आधी कर्ता कोण ते पाहा. ‘वोर्दन’ (होणे) या क्रियापदात तर शेवटचा ‘द’सुद्धा ‘त’ असाच उच्चारतात. फरक कानाला कळत नाही, फक्त लिहिताना करावा लागतो. डच माणसंही तिथे चुकतात.

‘आनकोमन’ (पोहोचणे) सारखी फुटणारी क्रियापदं थेट प्रश्नात दुभंगतात: ‘हू लात कॉम्त द त्रेइन आन?’ (गाडी किती वाजता पोहोचते?) गुंफलेल्या प्रश्नात दोन्ही तुकडे शेवटी एकत्र येतात: ‘वेत य हू लात द त्रेइन आनकॉम्त?’ सुरुवातीचं ‘वेत य’ (तुला माहीत आहे का?) हा स्वतः थेट प्रश्न आहे, म्हणून त्यातलं क्रियापद पहिलं.

पूर्ण काळात शेवटी दोन क्रियापदं येतात. ‘ऑफ हेइ खवेर्क्त हेफ्त’ आणि ‘ऑफ हेइ हेफ्त खवेर्क्त’ (त्याने काम केलंय का ते) हे दोन्ही क्रम बरोबर आहेत.