घरदार सोडल्याशिवाय आत्मज्ञान नाही?

‘संसार सोडल्याशिवाय आत्मज्ञान होत नाही’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. संन्यासाला आपल्याकडे मोठा मान, त्यामुळे तो पटतोही. पण संन्यास ही अट नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला चौथा श्लोक काढून बघा: नुसत्या संन्यासाने सिद्धी मिळत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. दुसरा पडताळा आषाढवारीत. पालख्या पुण्यात नाना आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा वारकऱ्यांशी बोला. बहुतेक जण शेतीवाडी, मुलंबाळं सांभाळणारे. नेम कोणते, तर गळ्यात तुळशीची माळ, रोज हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, मद्य-मांस वर्ज्य.

किंमत मात्र मोजावी लागतेच. रोज ध्यानाला बसायचा वेळ झोपेतून नाहीतर मोबाइलमधून काढावा लागतो. पहिल्याच आठवड्यात दोन-दोन तास मांडी घातली, की नस दाबून पाय बधिर होतात, गुडघे धरतात आणि नेम सुटतो. म्हणून सुरुवात 10 मिनिटांनी करा. बुडाखाली चादरीची जाड घडी घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत.

फळ डोळ्यांपुढच्या प्रकाशात शोधू नका. तीन महिन्यांनी घरच्यांना विचारा, तुमचा राग पूर्वीपेक्षा लवकर ओसरतो का.