काउंटबॅक वेगळं, जंप-ऑफ वेगळा (उंच उडीतली बरोबरी कशी सुटते)

ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमला पोरींची उंच उडी बघायला बसलं की हमखास कोणीतरी पालक विचारतात, अहो दोघींनी सेम उंची काढली मग हिला सिल्व्हर का, जंप-ऑफ घ्या ना! पण जंप-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायला मारलेल्या जादा उड्या, असा लगेच होत नसतो, आधी काउंटबॅक, म्हणजे आधीच्या उड्यांतल्या चुकांची मोजणी, बघतात आणि बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो.

काउंटबॅकला नवीन उडी मारायचीच नसते, ऑफिशियलच्या हातातली शीट वाचायची बस. बार पार केला की ओ, पाडला की एक्स, उंची सोडली तर डॅश. दोघींनी शेवटी जी उंची पार केली तिथे कुणाचे एक्स कमी ते आधी बघायचं, तेही सारखे निघाले तर पहिल्या उंचीपासून तिथपर्यंतचे सगळे एक्स मोजायचे. लोकांचा घोळ होतो तो पुढे, कारण त्यानंतरच्या उंचीला तीन फाऊल होऊन पोरगी बाहेर जाते ते एक्स यात धरतच नाहीत आणि डॅशचाही काही तोटा नसतो. म्हणजे दोघींनी १.४५ मीटर पहिल्याच उडीत काढली, पण एकीने मघाशी १.३० ला निष्काळजीपणे बार पाडला होता, तर तेवढ्या एका एक्सवर गोल्ड जातं. मला हे योग्यच वाटतं, सोप्या उंचीची उडीपण नीटच मारली पाहिजे ना.

मोठ्या लेव्हललाही हेच. २०२५ ला नानजिंगच्या वर्ल्ड इनडोअरमध्ये निकोला ऑलिस्लागर्स आणि एलेनॉर पॅटरसन, दोघीही ऑस्ट्रेलियाच्या, दोघी १.९७ वर, आणि गोल्ड काउंटबॅकवर ऑलिस्लागर्सला. रिओ ऑलिंपिकला तर चौघी १.९७ वर होत्या, रूथ बेतियाला गोल्ड आणि शॉन्टे लोव चौथी, सेम उंची काढून मेडल नाही, फार वाईट वाटतं हो.

जंप-ऑफ कधी, तर काउंटबॅकनेही बरोबरी सुटली नाही आणि प्रश्न पहिल्या नंबरचा असेल तरच. शेवटी पार केलेल्या उंचीच्या पुढच्या उंचीपासून सुरू, प्रत्येकीला एकच उडी, दोघी फाऊल तर बार २ सेंमी खाली, दोघी पार तर २ सेंमी वर. पॅरिस २०२४ ला पुरुषांमध्ये न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवन, दोघांनाही २.३८ जमली नाही, २.३६ही जमली नाही, मग २.३४ केरने काढली. दोघांनी नको म्हटलं तर गोल्ड वाटून घेता येतं, टोकियोत कतारचा बर्शिम आणि इटलीचा टॅम्बेरी यांनी तेच केलं. बाकीच्या नंबरांसाठी जंप-ऑफ नाहीच, म्हणून पॅरिसला महिलांचं ब्राँझ पॅटरसन आणि युक्रेनची हेराश्चेन्को दोघींना मिळालं.